जोतीरामाचं लेखी म्हणणं

हसायचं तेवढं आधी हसून घ्या, पुढं फारसं मिळायचं नाही. रंगूबाईला चांगले चार महिने वाटत होतं, की आपला धाकटा दीर जोतीराम छप्पन्नाव्या वर्षी कुठल्यातरी परीक्षेला बसलाय आणि रोज नापास होतोय.

आता तिचं तरी काय चुकलं? बाई चौथी शिकलेली, मराठी धडाधड वाचते. सकाळी चहाचा कप घेऊन दिराच्या सोप्यात गेली की कम्प्युटरवर तांबड्या अक्षरात लिहिलेलं दिसायचं: पास ४४, नापास ३. दुसऱ्या दिवशी बघावं तर पास ४३, नापास ४. आणि जोतीराम कपाळाला हात लावून बसलेला. फौजेतनं हवालदार होऊन आलेला माणूस, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती लेक लग्न होऊन बडोद्याला. त्याला कशाला खजील करायचं, म्हणून रंगूबाई गप्प बसली. गप्प म्हणजे दिरापुढं गप्प. आळीत सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती. परीक्षा तलाठ्याची आहे, हे पण तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी पडद्यावर हिरवं उगवलं. पास ४७, नापास ०. रंगूबाईनं कप तिथंच ठेवला, घरात जाऊन साखरेचा डबा काखेला मारला आणि आळीतल्या अकरा घरांत साखर वाटून आली. जोतीराम उंब्रजच्या बाजारात भाजी घ्यायला गेला, तर वाण्यानं हात जोडून विचारलं, "भाऊसाहेब, कुठलं गाव मिळालं?"

जोतीराम तसाच पिशवी घेऊन परत आला.

"वैनी, साखर कशाची वाटली?"

"तुमच्या परीक्षेची."

"कसली परीक्षा?"

"आता मला काय म्हाईत कसली! सत्तेचाळीस मार्क पडल्यात न्हवं?"

जोतीराम हसला. खांबाला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. रंगूबाई पण हसत सुटली, पण हसता हसता तिचं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडं गेलं. पिशवी खुंटीला लावून झाली होती, हसणं थांबलं होतं, तरी तो हात मांडीशी फडफडत होता. धरलेल्या कोंबडीगत. ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

कंपवात. कराडच्या डॉक्टरनं दोन वर्षांमागंच सांगितलं होतं. गोळ्यांनी जरा दम धरतो, जात नाही. आधी जोतीरामाची सही बारीक झाली, मग मुंगीएवढी झाली, मग बँकेतल्या पोरीनं विचारलं की ही सही आहे का पेन चालतंय का बघितलंय. पेन सुटलं. आवाज पण खाली गेला, विहिरीतनं बोलल्यागत. राहिला कम्प्युटर.

फौजेत तो सिग्नलला होता. तिथल्या कम्प्युटरच्या खोलीत एका साहेबानं त्याला लिहायचा एक प्रोग्राम शिकवला होता. इमॅक्स त्याचं नाव. रंगूबाईनं ते ऐकलं यमाक्का, आणि मग ती यमाक्काच झाली. या यमाक्काची खुबी अशी, की तिला आपण पाहिजे ते शिकवायचं. दुसरे प्रोग्राम जसे येतात तसे वापरायचे, हिला कोड लिहून सांगायचं, की बाई, असं झालं की तसं कर.

जोतीरामाचं झालं होतं असं. बोट थरथरलं की एक बटण दोनदा बसायचं. 'मला' लिहायला जावं तर 'ममला'. म्हणून त्यानं यमाक्काला शिकवलं: एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं तर एक उडव. झालं, सुटलो, असं वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी ननंदेची नंद झाली. पपईची पई. सशाचा नुसता सा राहिला. आणि आटपाडीच्या दोस्ताला, नाथाजीला, त्यानं ईमेल धाडला, 'माझं म्हणणं असं की', तर तिकडं पोचलं 'माझं म्हणं असं की'. नाथाजी हा त्याच्याच युनिटातला, घरची मेंढरं, आता आटपाडीत शेतीही बघतो. त्यानं फोन करून विचारलं, "गड्या, तुझं म्हणणं कुणी खाल्लं रं?"

तेव्हापासनं जोतीराम यादी करायला लागला. ही यादी म्हणजेच त्या परीक्षा. रंगूबाईला त्यानं समजावून सांगितलं.

"डाव्या बाजूला माझा हात काय बडवतोय ते. उजव्या बाजूला काय उमटायला पायजे ते. मी कोडमधी कुठं जरा हात घातला, की यमाक्का ह्ये समदं शब्द आपलं आपण टाईप करून बघती. बरोबर उमटला तर पास, न्हाईतर नापास."

"म्हंजे परीक्षा शब्द देत्यात?"

"व्हय."

"आन् तुमी?"

"मी मास्तर."

"बरं मास्तर. पण एकदा पास झाला त्यो झाला की. रोज रोज काय बिचाऱ्यांचा जीव खाताय?"

"तसं नसतंय वैनी. यमाक्काला नवं शिकवलं की ती जुनं इसरती. फौजेत हजेरी रोज का घ्येत्यात? काल हुता म्हणून आज पळाला नसंल कशावरनं?"

हे मात्र रंगूबाईला पटलं. तिच्या सुनेचं तसंच आहे, असं ती म्हणाली. सून तेव्हा पुण्याला होती म्हणून बरं.

आता मुद्द्याचं. जोतीराम पंचक्रोशीतल्या माजी सैनिक मंडळाचा सचिव होता, अकरा वर्षं. सचिव म्हणजे काय, तर लिहिणारा. कुणा जवानाच्या बायकोचं नाव कागदावर एक आणि आधारला दुसरं, कुणाची जन्मतारीख नवऱ्याच्या आधीची, कुणाचा पत्ताच गहाळ. असले अर्ज सगळे त्याच्या हातचे. आसपासच्या गावांतल्या विधवा बाया त्याच्या सोप्यात येऊन बसायच्या, चहा रंगूबाईकडनं. तेवढंच त्याचं उरलं होतं, आणि तेवढ्यासाठीच तो सकाळी दाढी करायचा.

यंदा भामाबाईचा अर्ज अडकला. रेकॉर्डला भिमाबाई, आधारला भामाबाई. पूर्वी जोतीरामानं तो अर्ध्या तासात लिहिला असता. आता तीन आठवडे लागले, आणि तोवर तारीख निघून गेली. भामाबाई काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही. पण मंडळाचा अध्यक्ष उदयसिंह बोलला. बोलला पण नाही, नोटीस धाडली. माणूस वाईट नव्हे, जोतीरामाला तात्या म्हणतो. पण फौजी आहे, कागदाशिवाय त्याला चैन पडत नाही. 'प्रकृतीमुळे आपणांस लेखनाचे काम होत नसल्याचे दिसून येते. तरी सचिवपदाबाबत आपले लेखी म्हणणे पंधरा दिवसांत सादर करावे.'

जोतीरामानं नोटीस दोनदा वाचली.

"मी लिवणार," म्हणाला. "माझ्या हातानं."

"न्हाईतर कुणाच्या हातानं?" रंगूबाई म्हणाली.

"तसं न्हवं वैनी. हात चालत न्हाई आसं त्यांचं म्हणणं हाय. मग उत्तर दुसऱ्याच्या हातचं गेलं, तर त्यांचंच खरं झालं की."

आता गंमत बघा. लिहायचं काय, तर 'म्हणणे'. आणि यमाक्काला सगळ्या भाषेत नडणारा शब्द नेमका तोच. 'ननंद' सोपी, कारण नुसतं 'नंद' त्याला कधी लिहावंच लागत नाही, यमाक्काला सांगितलं की ननंदेला हात लावू नको, ती लावत नाही. पण 'म्हणणे' पण शब्द आणि 'म्हणे' पण शब्द. थरथरत्या हातानं 'म्हणणे' पडलं, तर ते खरोखरचं 'म्हणणे' आहे, का 'म्हणे' लिहिताना ण दोनदा बसलाय, हे ती बिचारी कशावरनं ओळखणार? सरळ सोडून दिलं तर बाकीच्या पत्रांत सगळे 'म्हणे' बिघडतात. जोतीरामाला ते चालेना. यादीतला एक पण नापास ठेवून पुढं जायचं नाही, ही त्याची शिस्त. सगळी हजेरी पूर्ण, मगच परेड.

त्यानं डोकं चालवलं. आधीचा शब्द माझे, आपले, त्यांचे असा असंल, तर 'म्हणणे' ठेव. नसंल तर 'म्हणे' कर. पास ६१, नापास ०. खूश झाला आणि नाथाजीला फोन केला. नाथाजीनं दोन मिनिटं विचार केला.

"हां, ह्ये घे. त्यांचे म्हणे लगीन ठरले."

जोतीरामानं यादीत घातलं. तांबडं.

"नाथा, तुझ्या तर..."

"मला का शिव्या घालतोस रं? भाषेला घाल."

रंगूबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं कप खाली ठेवला. "त्येंचे म्हणे माहेरी पटत न्हाई," ती म्हणाली.

जोतीरामानं वर बघितलं.

"माझे म्हणे आंबे चोरले. आपले म्हणे आमदाराशी नातं हाय. तिचे म्हणे केस खोटं हायत."

"थांबा, थांबा वैनी. हळू."

अहो, रंगूबाईची निम्मी जिंदगी 'म्हणे'वर गेलेली. आळीतल्या कुठल्या घरात काय शिजतं हे ती 'म्हणे' लावून सांगते, म्हणजे उद्या अंगावर आलं तर आपण नामानिराळं. असल्या बाईला कुणी आपणहून म्हणतंय की सांगा, अजून सांगा, लिहून घेतो! तीन सकाळी ती सोप्यात पाट मांडून बसली. ती बोलायची, जोतीराम एकेक बटण दाबत यादीत भरायचा, तांबडं व्हायचं, तो कोडात काहीतरी बदलायचा, मग हिरवं, मग ती नवं वाक्य काढायची. उंब्रजमधल्या अब्रूदार घरांच्या भानगडी यमाक्काच्या पोटात जाऊन बसल्या. नोटिशीच्या चौथ्या दिवशी पडद्यावर आलं: पास १३१, नापास ०.

"वाटू का साखर?" रंगूबाईनं विचारलं.

"आधी लिवू द्या," जोतीराम म्हणाला.

त्यानं खुर्ची पुढं ओढली, नवं पान उघडलं आणि 'माननीय' लिहायला घेतलं. बोट म वर गेलं आणि तिथंच थांबलं. हवेत. थरथर नाही, काही नाही, नुसतं थिजलं. रंगूबाईला वाटलं विचार करतोय. मग एकदम हात खाली आला आणि तीन बटणं एकदम बसली. 'पमव'. त्यानं पुसलं. परत बोट थिजलं, परत आपटलं. 'मस'. पुसलं.

"आवं, पण समदं पास झाल्यात की!" रंगूबाई म्हणाली. "एकशेएकतीस!"

"झाल्यात."

"मग?"

जोतीरामानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. "ती यादी दिवाळीतल्या हाताची हाय वैनी. एक बटण दोनदा बसत हुतं तवाची. ह्यो हात येगळा हाय."

"मग ह्येची यादी करू की! मी बसते."

"किती म्हयन्यांनी पुरी हुईल? आन् तवा हात कसला आसंल?"

 रंगूबाई उठून घरात गेली आणि उगाच भांडी घासली. घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी नाथाजी आटपाडीहून एसटीनं आला. येताना बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याच्या माडग्याचं पीठ. त्यानं फोनवर बोलून लिहायचं करून बघू म्हटलं. जोतीरामानं फोन तोंडाशी धरला आणि आपल्या त्या विहिरीतल्या आवाजात 'माननीय' म्हणाला. फोननं लिहिलं, 'मान्य नाही'.

"बघ, फोनला बी मान्य न्हाई," नाथाजी म्हणाला. कुणी हसलं नाही, मग तोच पुढं म्हणाला, "मी टाईप करतो गड्या. तू सांग. कुणाला कळतंय?"

"मला."

"आरं, पण..."

"नाथा, चहा घे."

नाथाजी दुपारच्या गाडीनं परत गेला. जाताना रंगूबाईला आळीच्या तोंडाशी म्हणाला, "वैनी, त्येला सोडून देऊ नका." ती म्हणाली, "सोडून जाऊ कुठं? मधी नुसती भिंत हाय." पण ते ती चेष्टेत म्हणाली नाही.

त्यापुढं नऊ दिवस. रोज सकाळी गोळी घेतली की तासभर हात जरा ऐकायचा. त्या तासात जोतीराम आधी हजेरी घ्यायचा. एकशेएकतीस, सगळे हजर. रंगूबाईला त्याचा राग यायचा. घरात आग लागलीय आणि हा माणूस शब्दांची गिनती करतोय. पण ते हिरवं आलं, की त्याचा खांदा जरा खाली यायचा, हेही तिला दिसायचं. मग तो लिहायला लागायचा. एका दिवसाला तीन शब्द. एखाद्या दिवशी चार. एक दिवस पुसण्यातच गेला, आदल्या दिवशीचे दोन पण गेले. तिला तो जवळ येऊ देत नसे. काय लिहितोय हे बघू देत नसे. ती चहा उंबऱ्यावर ठेवायची.

मनात मात्र तिनं सगळं रचून ठेवलं होतं. भावजी असं काही लिहितील, की उदयसिंहाची मान खाली जाईल. अकरा वर्षांचा हिशोब मांडतील, कुणाकुणाचे अर्ज तडीला नेले ते लिहितील. आळीत पण तिनं तसंच सांगून ठेवलं. "भावजींनी म्हणे असं कडक लिवलंय!"

पंधराव्या दिवशी मंडळाच्या खोलीत बैठक होती. रंगूबाई इरकल लुगडं नेसून दिराबरोबर गेली. जोतीरामाची पावलं आता बारीक पडायची, दारातनं आत यायला त्याला थांबून परत सुरुवात करावी लागली. पंधरावीस माणसं, कोपऱ्यात भामाबाई. जोतीरामानं घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. उदयसिंहानं तो उघडला, खाकरला आणि मोठ्यानं वाचला.

'माननीय अध्यक्ष. माझे म्हणणे असे की हे मी स्वतः लिहिले. यास नऊ दिवस लागले. भामाबाईंना नऊ दिवस थांबता येत नाही. आपले म्हणणे बरोबर आहे.'

उदयसिंहानं कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं.

एक चूक नव्हती त्यात. दोन्ही 'म्हणणे' जागच्या जागी. रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती. कुणीतरी म्हणालं, तात्यांनी विचार करावा. जोतीरामानं मान हलवली. मग फार वेळ लागला नाही. अमृत म्हणून फौजेतनं नुकताच सुटून आलेला एक लान्सनाईक होता, चुळबूळ करत मागं बसला होता, त्याचं नाव ठरलं. जोतीरामानं कपाटाची किल्ली खिशातनं काढायला घेतली, ती निघेना, शेवटी अमृतनं त्याच्या खिशात हात घालून काढली. 

"तात्या, कार्यभार दिल्याची सही लागंल," उदयसिंह म्हणाला. मग त्यालाच काय बोललो ते कळलं. "न्हाईतर... अंगठा चालंल."

 उदयसिंहानं शाईचा पॅड उघडला, रजिस्टर पुढं ओढलं आणि अगदी हळू, आजारी माणसाचा धरतात तसा, त्याचा उजवा हात धरला.

"डावा," जोतीराम म्हणाला.

"काय तात्या?"

"डावा अंगठा. बाप्याचा डावा आसतोय, बाईचा उजवा."

"आवं, आपलंच रजिस्टर हाय. काय फरक पडतोय?"

"उजवा लावला तर कागद चुकीचा."

"तात्या, मी बी कागद बघितल्यात की. उजवाच लावत्यात."

"कुणाचा बघितला?"

"माझ्या आईचा!" उदयसिंह जरा चढ्या आवाजात म्हणाला. "धा वेळा बघितलाय."

"आवं भावजी, उजवाच," रंगूबाईनं त्याची बाजू घेतली. तिला ते लवकर संपवून घरी जायचं होतं. "तुमच्या आईनं जलमभर उजवा दिला."

"माझी आई बाप्या हुती का?"

मागनं कुणीतरी फिसकन् हसलं. उदयसिंहानं हट्टानं जुनं रजिस्टर मागवलं. अमृतनं आताच मिळालेल्या किल्लीनं कपाट उघडलं आणि पानं उलटत बसला. एक पान, दुसरं पान. मग त्यानं एका ठशाखालचं वाचलं, "नि. डा. हा. अं."

"म्हंजे?" उदयसिंहानं विचारलं.

"निशाणी डाव्या हाताचा अंगठा," जोतीराम म्हणाला. "आता नाव वाच."

"जगन्नाथ..."

"बाप्या. पुढचं."

"हितं... नि. उ. हा. अं. भामाबाई."

भामाबाईनं कोपऱ्यातनं मान डोलावली. तिचं त्या बैठकीतलं तेवढंच बोलणं.

उदयसिंहानं जोतीरामाचा उजवा हात खाली ठेवला. "बरं, डावा तर डावा."

"डावा तर डावा न्हवं," जोतीराम म्हणाला. "डावाच. आन् शाई कमी लावा, ठसा फुटतोय."